सोंगाची झोप

प्रिय घुबडे,

दुकानाच्या पत्त्यावर माझं पत्र आलेलं बघून घाबरून जाऊ नकोस. इकडे सगळे धडधाकट आहोत. तुझे बाबा रविवारची वामकुक्षी घेताहेत, म्हणजे भरदुपारी घोरताहेत, आणि मी जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून लिहायला बसले आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन हल्ली कायम स्पीकरवर असतो, आणि मला जे सांगायचं आहे ते तुझ्या एकटीच्या कानांसाठी आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा चष्म्यांच्या खोक्यांमागे बसून वाच. वाचून झालं की हे घरी नेऊ नकोस.

आधी पोल्ट्रीची बातमी, नाहीतर म्हणशील आई कोंबड्यांशिवाय बोलली म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय. नव्या कोंबड्यांची खेप आली आहे, अजून अंड्यावर यायच्या आहेत. अजून सगळे मला उजेडबाईच म्हणतात. मालक परवा कुणाला तरी माझी ओळख करून देताना म्हणाले, या आमच्याकडे सूर्य उगवायला आणि मावळायला लावतात. खरंच आहे ते. बंद शेडमध्ये दिवस केव्हा सुरू करायचा, रोज किती वाढवायचा, हे मी ठरवते. अंड्यावरच्या कोंबडीचा दिवस एकदम कमी केला तर ती पिसं टाकते, अंडं बंद करते, शेजारणीला टोचायला लागते. बाहेरून बघाल तर कोंबडी तीच, पण आतलं घड्याळ विस्कटलेलं असतं. इतकी वर्षं हे मी दुसऱ्यांना शिकवत आले, आणि गंमत बघ, वेळ माझ्यावरच आली.

तू स्वतः जन्माला आलीस तीच दिवसरात्र उलटी करून. दिवसभर ढाराढूर, आणि दिवा मालवला की टक्क डोळे. रडायची नाहीस, नुसती बघत राहायचीस. तुझ्या बाबांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, घुबडी. मी चिडले होते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मग मी तुझ्यावर कोंबड्यांचा उपाय केला. सकाळी उन्हात न्यायचं, रात्री मिट्ट अंधार करायचा. हळूहळू तू ताळ्यावर आलीस. तेव्हा मला वाटलं होतं, झोपेचं सगळं आपल्याला कळलं.

तू लग्न होऊन तिकडे परदेशी गेल्यावर काही महिन्यांनी माझं तंत्र बिघडायला लागलं. सकाळी दहाच्या सुमाराला, लख्ख उजेडात, डोळ्यांवर अशी झापड यायची की दाण्याची बादली हातातून सुटायची. रात्री मात्र अंथरुणात टवटवीत. घर सामसूम झालं की पोटात भुकेचा डोंब उसळायचा. पहाटे बाबा उठून बघतात तर मी स्वयंपाकघरात कांदा चिरत बसलेली. ते म्हणाले, 'बाईसाहेब, तुम्ही परदेशात राहता, इकडे नुसत्या माहेरपणाला येता.' मी हसले. हसता हसता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मनातल्या मनात तुझी वेळ काढली. तुझ्याकडे संध्याकाळ होती. तू घरी येऊन कांदा चिरत असणार.

शेवटी बाबांनी मला झोपेच्या डॉक्टरांकडे नेलं. हो, असतात असे डॉक्टर. भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'लांबचा विमानप्रवास झालाय का एवढ्यात? तुमचं शरीर अगदी तसं वागतंय.' मी म्हटलं, माझा प्रवास घर ते पोल्ट्री आणि पोल्ट्री ते घर. मग त्यांनी मला सकाळी ऊन घ्यायला सांगितलं, रात्री अंधार, झोपायची वेळ एकच, संध्याकाळनंतर चहा बंद. म्हणजे माझाच उपाय मला. मी तो इमानेइतबारे केला. कोंबड्या असत्या तर केव्हाच सुधारल्या असत्या. पुढच्या खेपेला डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, पोटातल्या बाळाला बाहेरचा दिवस दिसत नाही, रात्र झाल्याचं त्याला आईच्या रक्तातून कळतं. मी विचारलं, आणि आईला मुलीची रात्र कळली तर? ते हसले. म्हणाले, तो रस्ता एकाच बाजूने जातो, आणि तोसुद्धा नाळ कापली की संपतो. मीही हसले, पण घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

इथपर्यंत गमतीचं होतं. पुढचं मी बाबांनासुद्धा बरेच दिवस सांगितलं नव्हतं. दुपारचं जेवण उरकून मी शेडमध्ये फेरी मारते, तुला माहीतच आहे. एक दिवस पिंजऱ्यांच्या दोन रांगांमध्ये उभी असताना मला आवाज ऐकू आला. काचेत काहीतरी पडल्याचा, खळ्ळ. लगेच माझे तळहात गार पडले, आणि छातीत असं धडधडायला लागलं की मी पिंजऱ्याची जाळी धरली. शेडमध्ये काच नाही गं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, त्याच वेळेला. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या वेळेला कोंबड्याही गप्प होतात. त्या शेडमध्ये आपण एकमेकांशी ओरडून बोलतो, इतका कलकलाट असतो. तो बंद. हजारो कोंबड्या, माना वर काढलेल्या, भर उजेडात चिडीचूप. आधी वाटलं साप शिरला असेल. सगळीकडे शोधलं, काही नव्हतं. शेवटी कळलं की त्या दाराकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

त्याच आठवड्यात मी व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागे लागले होते बघ, घर दाखव, घर दाखव म्हणून. तू सगळं दाखवलंस. ओटा, खिडकी, धुण्याचं मशीन, तो तुझा सुकलेला कढीपत्ता. मग फोन फिरवताना दार दिसलं आणि दाराजवळच्या स्टुलावर निळ्या काचेचं वाडगं. मी विचारलं, हे कशाला? तू म्हणालीस, 'चाव्या टाकायला. आल्या आल्या टाकतात ते त्यात.' आणि बोलता बोलता तू ते वाडगं बोटाने भिंतीकडे सरकवलंस, जसं काही ते जागं होईल. माझा चेहरा उतरला तर तू म्हणालीस, आई, नेटवर्क गेलं का? मी हो म्हटलं.

तरी मी स्वतःला समजावत राहिले. आईचं मन, दुसरं काय, चिंती ते वैरी न चिंती. जावईबापूंचं काम उशिरापर्यंत चालतं हे तूच सांगितलं होतंस. माणूस मध्यरात्री, म्हणजे आमच्या दुपारी, घरी आला, चाव्या टाकल्या, यात काय वाईट? मग एका दुपारी फारच ग्लानी आली म्हणून मी शेडमागच्या खोलीत दाण्याच्या पोत्यांवर आडवी झाले. काचेचा आवाज झाला. मी डोळे मिटून पडले होते, श्वास संथ चालला होता, हातपाय सैल होते. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई गाढ झोपल्या आहेत. आणि मी आतून पूर्ण जागी होते. श्वास मी मोजूनमापून घेत होते. पापणी हलू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होते. घुबडे, मी झोपले नव्हते. मी झोपेचं सोंग घेत होते. त्या खोलीत पोत्यांशिवाय कुणी नसताना, कुणासाठी?

सोंगाची झोप मी ओळखते. तू लहानपणी घ्यायचीस, शाळा बुडवायला. खऱ्या झोपेत तुझं तोंड किंचित उघडं राहायचं. सोंगात ते घट्ट मिटलेलं असायचं आणि डाव्या पायाचा अंगठा हळूच हलायचा. मी दारात उभी राहून तो अंगठा बघायची आणि हसू दाबायची. त्या दुपारी पोत्यांवर पडल्या पडल्या मी डोळे किलकिले करून माझ्या पायांकडे बघितलं. डावा अंगठा हलत होता. मला ती सवय कधीच नव्हती. मी तशीच अनवाणी बाहेर उन्हात पळाले आणि भिंतीला टेकून रडले.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, जागरणाने माणसाला नाही नाही ते होतं. पण दुसऱ्या दिवशी न सांगता डबा घेऊन पोल्ट्रीवर हजर. मी रांगेत उभी होते. कलकलाट थांबला. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. एकदा कोंबड्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तुला माहीत आहे, या माणसाने कधी गंभीर चेहरा करून तोंडातून शब्द काढला नाही. ते माझ्याजवळ आले, माझा गार पडलेला हात हातात घेतला आणि दबक्या आवाजात, जसं कुणी ऐकेल, एवढंच विचारलं, 'आत्ता तिकडे किती वाजलेत?'

त्यानंतर मी तुझ्या दुकानात फोन केला होता. रागावू नकोस. तुझ्या मालकीणबाईंशी मोडक्यातोडक्या भाषेत बोलले. मला एक उलगडत नव्हतं. ना रात्री झोप, ना दिवसा, पण इथे मध्यरात्र उलटली की थोडा वेळ मला मेल्यासारखी झोप लागते, तोंड उघडं टाकून, बाबांनी हलवलं तरी उठत नाही अशी. तेव्हा तुझ्याकडे दुपार असते, म्हणून मालकीणबाईंना एवढंच विचारलं की जेवणाच्या सुट्टीत माझी मुलगी काय करते. त्या म्हणाल्या, जेवत नाही. मागच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून झोपते. इतकी गाढ की आम्हाला उठवायला जिवावर येतं. मग त्यांनीच मला विचारलं, 'घरी झोपत नाही का ती?' आणि मला फोनवर तू सांगतेस, आई, मी दगडासारखी झोपते.

गेला आठवडाभर काच वाजली नाही. पहिल्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी शेडमध्ये गुणगुणत होते. पण कोंबड्या गप्प झाल्या त्या पुन्हा ओरडेनात. आधी त्या थोडा वेळ थबकायच्या, आता माझी अख्खी फेरी होईपर्यंत चिडीचूप असतात. मध्यरात्रीची ती एवढीशी झोप तेवढी शिल्लक आहे, बाकी सगळी गेली. परवा फोनवर तू म्हणालीस, 'ते हल्ली घरीच असतात, काम सुटलंय,' आणि मागून त्याचा आवाज आला, 'काय आई, झोपला नाहीत अजून?' मग मला कळलं की चाव्या का वाजत नाहीत. त्याला अहोजाहो करणं आता माझ्याच्याने होत नाही, माफ कर. तो काय करतो, मला माहीत नाही. हात उगारतो का, बोलतो का, नुसता पलंगाशी उभा राहून बघतो का, मला माहीत नाही. अंगाला तेवढं कळत नाही. अंगाला फक्त भीती कळते. आत्ता मी हे लिहिते आहे, खिडकीतून ऊन टेबलावर आलं आहे, बाबा घोरताहेत, आणि तुझ्याकडे मध्यरात्र उलटून गेली आहे. तू डोळे मिटून पडली आहेस. तुझा अंगठा हलतो आहे. चपलेत माझाही हलतो आहे.

म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून कबुली नको आहे, काही सांगायची बळजबरी नाही, आणि फोनवर एक अक्षर बोलू नकोस. माझा पासपोर्ट व्हिसा लागून आला, तिकीट काढलं आहे. हे पत्र मिळाल्यावर दोन-तीन दिवसांत मी तुझ्या दुकानात येऊन उभी राहीन, घरी नाही. मालकीणबाईंनी दुकानावरची खोली आपल्याला दिली आहे, आतून कडी आहे, मी विचारून घेतलं. बॅग भरू नकोस, त्याच्या लक्षात येईल. एरवी निघतेस तशी कामावर ये. पुढचं काय ते आपण झोप झाल्यावर ठरवू. सगळे मला बजावताहेत की इतक्या लांब गेल्यावर पहिले काही दिवस फार जड जातात, रात्री डोळा लागत नाही, दिवसा पेंग येते. त्यांना काय सांगू? मी केव्हाची तुझ्याच वेळेवर आहे. त्या खोलीत गेल्यावर तू भिंतीकडच्या बाजूला झोप, तोंड उघडं टाकून. दाराकडच्या बाजूला मी बसते.

तुझ्यासाठी जागी,
तुझीच आई