सज्जाखालची तुळई

लानवेरन,
२६ मे १९६१

प्रिय तेग्वेन,

लिव्हरपूलला तू खुशाल असशील असं धरून लिहितो. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. आई बरी आहे, गुडघे तेवढे धरलेत. खाणीतलं सुतारकाम हल्ली आठवड्याला तीनच दिवस मिळतं.

आपलं चॅपेल बंद झालं. माझ्यामुळे झालं, म्हणून मीच कळवतोय.

वर्षाच्या स्तोत्रगायनाच्या दिवसाआधी सुतार म्हणून मी चॅपेलातला बसायचा सज्जा तपासला. तुला आठवत असेल, तिन्ही बाजूंनी घोड्याच्या नालासारखा वळलेला. पुढून बिडाच्या खांबांवर तोललेला, मागून तुळया भिंतीत. वरून रंग धडधाकट. डावीकडच्या तुळईत पटाशी घातली, तर मुठीपर्यंत आत गेली. लाकूड भिजल्या पावासारखं.

मी जाऊन सांगितलं, तर चॅपेलच्या पंचांचे मुख्य इद्रिसकाका म्हणाले, "नव्वद वर्षं उभाय, एक दिवस निघणार नाही? पाच गावांना बोलावणं गेलंय. आणि पंचांच्या शब्दाबाहेर तू कधीपासून जायला लागलास, मेरिग?"

मी पटाशी पिशवीत टाकली आणि घरी आलो.

सोमवारी, गाण्याच्या दिवशी, दोनशे माणसं वर चढली. पहिल्याच स्तोत्राला त्याच तुळईपाशी भिंतीतून चुना गळताना दिसला. मी उठून ओरडलो, "गाणं थांबवा! सज्जा रिकामा करा!"

वरून कातरिनआजी म्हणाली, "बेसूर झालं असेल तर तसं सांग की मेल्या!"

हसत, कुरकुरत सगळे उतरले. शेवटचा माणूस खाली आला आणि तो डावीकडचा कोपरा कण्हत वीतभर खचला. कुणाला खरचटलंही नाही. आता दाराला कुलूप आहे. दुरुस्ती गावाला झेपणारी नाही. लोक वाटेत थांबवून माझे आभार मानतात. मला मान वर करवत नाही.

त्याच चॅपेलात, व्यासपीठाखाली, पंचांच्या बाकांसमोर तुला उभं केलं होतं. लग्नाआधी पोटुशी म्हणून. हिला चॅपेलातून काढून टाकायच्या बाजूचे हात वर करा, म्हणाले. तू खाली बघत होतीस. आई त्या दिवशी आली नव्हती; मी हात वर केला नाही, असं तिला आजवर सांगत आलो. ते खोटं आहे. माझा हात वर होता, तेग्वेन. बाबांच्याही आधी.

दोनशे परक्यांसाठी मला कंठ फुटला. तुझ्यासाठी फुटला नाही.

मुलगा झाला की मुलगी, नाव काय ठेवलंस, या घरात कुणी कधी विचारलं नाही. मी आज विचारतोय.

उत्तरावर हक्क नसलेला तुझा भाऊ,
मेरिग