ओठ वर करून बघ

मंगळवार, ९ तारीख, दुपार

लाडक्या चिंगीस,

मावशीचे पोतंभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला इथे वेळ कुणाला आहे? सगळे पिंजरे साफ झाल्याशिवाय मला चहासुद्धा मिळत नाही. तू बरी असशीलच.

तुझं पत्र मिळालं. ‘मावशी, मीपण प्रदर्शनाचे ससे पाळणार’ हे वाचून जीव सुपाएवढा झाला. मग पान उलटलं आणि टाळकंच सटकलं. त्या पानाचं नंतर बघू. आधी तुझ्या कामाचं सांगते.

हावरटपणा करू नकोस. नवी मंडळी हौसेने दहा-दहा ससे आणतात आणि मग घरभर लेंड्या आणि घरच्यांची कटकट. दोन माद्या, एक नर, बास झालं. विकणारा ‘दोन्ही माद्याच आहेत हो’ म्हणाला तर मान डोलाव, पण पैसे देण्याआधी उलटं धरून स्वतः बघ. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या ‘दोघी बहिणीं’ना महिन्याभरात सात पिल्लं झाली होती.

जोडी लावताना मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. उलटं केलंस तर ‘माझ्या घरात शिरलासच कसा’ म्हणून ती त्याला फोडून काढते. मला तिचं अगदी पटतं.

आंघोळ अजिबात घालायची नाही, कितीही मळला तरी. हात जरासे ओले करून अंगावरून फिरवायचे, मेलेले केस निघून येतात. टेबलावर जुन्या गालिच्याचा तुकडा टाकून त्याला रोज शहाण्यासारखं बसायला शिकव. कान, पोट, नखं सगळं कुणालाही बघू द्यायची सवय लाव, नाहीतर ऐन प्रदर्शनात परीक्षकांच्या शर्टाच्या चिंध्या होतील. आणि दाणे कमी, सुकं गवत भरपूर. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, चावून चावूनच झिजतात.

आता दातांवर आलेच आहे तर उलटू ते पान.

तू लिहिलंयस, आई म्हणते, मावशीने दोन ओळींची माफी लिहून दिली तर ससेवाल्यांचा क्लब तिला परत घेईल आणि वार्षिक प्रदर्शनात तिचे ससे बसतील. आणि खाली तुझं लाडीगोडीचं, ‘लिही ना गं मावशी, दोनच तर ओळी आहेत!’ नाही लिहिणार, जा.

तुझ्या कानावर काय घातलंय देव जाणे, म्हणून मीच सांगते. तुझी आई, म्हणजे माझी ताई, क्लबची अध्यक्ष, आणि तिचा तो काळा नर, राजा, दर वर्षी कप नेतो. देखणा आहे, नाही कशाला म्हणू? पण सशाचे वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे बसायला हवेत, राजाचे समोरासमोर भिडतात. म्हणून नीट झिजत नाहीत, वाढतच जातात. ताई प्रदर्शनाच्या आधी ते कापून टाकते. गेल्या खेपेला परीक्षक आजारी पडले, प्रदर्शन पुढे ढकललं, तेवढ्यात राजाचे दात परत वाढले. प्रदर्शनाच्या सकाळी मी तिथल्या हॉलच्या बाथरूममध्ये शिरले तर समोर ताई, टॉवेलात गुंडाळलेला राजा आणि ताईच्या हातात नखं कापायची कातर. ताई म्हणाली, “दार लाव.” मी लावलं, बाहेरून.

आणि राजाला कप जाहीर झाला तेव्हा मी भर हॉलमध्ये म्हणाले, “साहेब, त्याचा ओठ पुन्हा वर करा. झिजलेल्या दाताची धार तिरकी असते, हे सरळ कापलेत.” परीक्षक म्हणाले, निकाल लागलाय. ताई म्हणाली, “जाळी चावतो गं तो, म्हणून मोडतात. तू जळतेस माझ्यावर.” चार दिवसांनी क्लबने मला काढलं. शिस्तभंग म्हणे! अगं, कसली डोंबलाची शिस्त?

आमच्या गल्लीतल्या शिंप्याने लेकीसाठी राजाचं पिल्लू घेतलं होतं. वाटी दाण्यांनी भरलेली आणि पिल्लू उपाशी मेलं. खालचे दात पार नाकापर्यंत आलेले. तो माणूस माझ्या दारात उभा राहून विचारत होता, “बाई, माझं काय चुकलं?” त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आणि राजाचीच पिल्लं क्लब दर हंगामात नवख्यांना विकतोय. त्यावर बोलले याची माफी मागू?

मला ससा धरायला ताईनेच शिकवलं. एक हात छातीखाली, एक बुडाखाली. ओठ वर करून दात बघायलाही तिनेच. ‘दात वाकडा तर जोडी नाही, रूप गेलं खड्ड्यात,’ हे तिचं बोलणं, माझं नव्हे. तिची आठवण येते गं मला, फार येते. परवा एका मादीला पिल्लं झाली तर सवयीने तिला फोन लावायला निघाले होते. पण म्हणून खोटं लिहून देणार नाही.

आणि आता जे मघापासून टाळतेय ते. पत्राच्या कडेला बारीक अक्षरात तू विचारलंयस, आईने मला राजाची दोन पिल्लं दिलीत, त्यातलं धाकटं दाणा उचलतं आणि टाकून देतं, हनुवटी सारखी ओली असते, काय औषध देऊ? ते वाचल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. औषध नाही, चिंगे. त्याला मांडीवर घे आणि अंगठ्याने ओठ वर करून बघ. तुझी पेटी तर तू लिहिलंयस तशी सगळी लाकडी फळ्यांची, त्याला चावायला जाळीच नाही. दात वाकडे दिसले तर डॉक्टरांकडे ने, जन्मभर सांभाळ, हवे तेवढे लाड कर. पण त्या दोघांपैकी एकाचीही जोडी लावू नकोस. माझ्याकडे ये आणि हवी ती मादी उचल. बोट ठेवशील ती तुझी.

राहता राहिली माफी. माझ्या हातून तिचं एक अक्षर उमटणार नाही. सोबत कोरा कागद घातलाय, खाली माझी सही आहे. आधी पिल्लाचं तोंड बघ, मग आईच्या समोर बस आणि सहीच्या वर काय लिहायचं ते तूच लिही. माफी लिहिलीस तर माफी, क्लबच्या माइकवर उभी राहून वाचून दाखवेन, शब्द फिरवणार नाही. फक्त लिहिताना ते पिल्लू मांडीवर असू दे.

तुझी, आणि कुणी कितीही काढून टाकलं तरी तुझ्या आईची सख्खी धाकटी बहीण,
मावशी