काहीतरी म्हणजे काय?

ती. अप्पा,

"देव मानत नाहीस, वर 'काहीतरी आहे' म्हणतेस. काहीतरी म्हणजे काय, कप्पाळ?" असं तुम्ही नेहमी विचारता.

आज तुमच्या हृदयाची सोनोग्राफी मीच केली. माझ्यावर रुसून तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. पडद्यावर तुमची झडप मात्र इवल्याशा तळहातांसारखी उघडत होती, मिटत होती. कुणी न सांगता, कुणाचंही नाव न घेता. रोज इतरांची बघते, पण आज प्रोब खाली ठेवला आणि माझे हात आपोआप जुळले.

तुम्ही वळून विचारलंत, "काय गं, वाईट आहे का काही?"

"छे, ठणठणीत! हात गारठलेत, म्हणून चोळतेय."

खरं सांगितलं तर म्हणाल, "आलीस ना वळणावर!" म्हणून हे पत्र तुम्हाला देणार नाही. वळणावर नाही आले, अप्पा. पण ते 'काहीतरी' आज तुमच्याच छातीत पाहिलं.

तुमची,
ओवाळून टाकलेली लेक