कल्याणच्या गाडीसाठी इन्व्हर्टर

मिरजगाव,
१२ ऑगस्ट २०२५

चि. विजूस,
पुंजारामदादाचा आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा सोडला तर कुणाची तक्रार नाही. पाऊस नीट नाही, पण बाजरी तग धरून आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझा फोन निम्म्या वेळा कल्याणच उचलतो, म्हणून हे वहिनीच्या हाती पाठवतोय. एकटी असताना वाच.

परवा कल्याण दुकानात आला. भाच्याला मामाची आठवण झाली म्हणून बरं वाटलं. चहा झाल्यावर म्हणाला, "मामा, गाडीत बसवायला इन्व्हर्टर पायजे. चांगल्यातला." आता मला सांग, तुमच्या राहात्याला इलेक्ट्रिकची दुकानं काय कमी आहेत? एवढ्यासाठी पोरगा अख्खा जिल्हा ओलांडून येतो, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

इन्व्हर्टर देताना मी आधी विचारतो, त्यावर चालवायचं काय? पंखा असेल, शिलाई मशीन असेल, तसा माल द्यायचा. गिऱ्हाईक घडाघडा सांगतं. हा जरा थांबला आणि म्हणाला, "लग्नाची शूटिंग घेतो आता. लॅपटॉप चालवायचाय." मी साधा दाखवला. तर म्हणे, "साधा नको, प्युअर साइनचा द्या. पडद्यावर रेघा आल्या न्हाई पायजे." तो म्हणजे घरच्यासारखी एकसारखी वीज देणारा, महागडा. अगं, लॅपटॉपच्या पडद्यावर कसल्या रेघा? साध्यावर तो मजेत चालतो. रेघांचं हे याला कुणीतरी पढवून पाठवलं होतं. वर बिल नको म्हणाला. बिल नसेल तर वॉरंटी मिळत नाही, म्हटलं. तरी नकोच. एवढ्या वर्षांत वॉरंटी नको म्हणणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

वायर किती लागेल ते बघायला गाडीपाशी गेलो. मधलं सीट काढून टाकलेलं. तिथं रेक्झिनची लांबडी गादी, काचांना आतून जाड पडदे. गादी कशाला रे? तर म्हणे, लग्नं उरकायला उशीर होतो, झोपायला लागते. विजू, श्रावण चालू आहे. तुळशीचं लग्न व्हायच्या आधी कुणाच्या लग्नाची शूटिंग घेतो हा? खोटं बोलायचं तर पंचांग तरी बघून यावं माणसानं.

तरी मी वायर मोजत राहिलो. भाचा आहे, उगाच जीभ कशाला विटाळायची. तेवढ्यात तुझा फोन आला. "दादा, दी त्याला. लई इचारीत बसू नको." तिथं माझं डोकं फिरलं. मेथीची जुडी घेताना कुठल्या रानातली म्हणून दहादा विचारणारी तू, आणि मला विचारू नको म्हणतेस?

मग त्याला कुणाचा तरी फोन आला. तो दुकानामागं जाऊन बोलत होता. मी मागच्या खोलीत वायर कापत होतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. "व्हय मॅडम, आठवड्यात गाडी तयार करतो. पयलं घरचंच बघू. दोन पोरीच हायेत, आता तिसऱ्याला धोका नको."

आता सरळच लिहितो. त्याला लॅपटॉप नाही, सोनोग्राफीचं मशीन चालवायचंय; रेघा नकोत त्या त्याच्या पडद्यावर, आणि ते पढवणारी ती मशीनवाली मॅडमच असणार. गावोगाव गाडी फिरवून बायकांच्या पोटात पोरगा की पोरगी, ते सांगायचा धंदा आहे. आणि त्या गादीवर पहिली निजणार आपली धनश्री. तुझ्या सुनेला दिवस गेलेत, हे तू मला सांगितलंस का? पोरगी दिसली तर पुढं काय करायचं, तेही तुम्ही ठरवलं असणार. तिला कुणी विचारलंय? तिला माहेरी कुणी उरलं नाही, हे मला माहीत आहे तसं कल्याणलाही माहीत आहे.

त्याला मी सांगितलं, माल नगरहून यायचाय, शुक्रवारी ये. माल माझ्या कपाटात पडून आहे. पण मी नाही दिला तर दुसरा कुणी देईल, आणि तो काही विचारणार नाही. म्हणून वहिनीला पाठवतोय. गुडघा धरून एसटीनं आली आहे ती. धनश्रीला आणि दोन्ही पोरींना घेऊनच परत येईल. बाळंतपण माझ्या घरी होईल, मुलगा असो नाहीतर मुलगी. यायचं नसेल तर धनश्रीनं स्वतःच्या तोंडानं सांगावं, तुझ्या नको.

हे वाचून तू आधी कल्याणला फोन लावशील, असा मला संशय आहे. बहिणीबद्दल असं लिहायला नको. पण संशय आहे, म्हणून आज सकाळीच तालुक्याला, कर्जतला जाऊन, असल्या तपासणीची तक्रार घेणाऱ्या सरकारी डॉक्टरांकडं गाडीचा नंबर आणि त्याचं नाव देऊन आलो. माझं नावही लिहून दिलं. भाचा लागतो, हेही सांगितलं.

तू पाठवलेली राखी हातात आहे. दोघी आक्कांच्या पाठीवर तू तिसरी पोरगी. आपल्या आईला तेव्हा असली गाडी कुणी दाखवली असती, तर मला आज ही राखी कुणी पाठवली असती? पुढच्या वर्षी पाठवायची की नाही, ते तुझं तू ठरव. मी वाट बघेन.

वहिनीला चहापाणी विचारत बसू नकोस. धनश्रीची पिशवी भरून दे.

तुझाच,
दादा