चतुर लवकर आले

३ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. धाकटीला दात येतायत म्हणजे तुमच्या झोपेचं खोबरं झालेलं असणार. आईंचा गुडघा आता बरा आहे. लाँड्रीत इस्पितळाच्या चादरी संपता संपत नाहीत. नवं मशीन धुतं छान, पण आवाज असा करतं की गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलावं लागतं.

यंदा चतुर लवकर आले. तुम्ही लहानपणापासून बघितलंय, वारा समुद्राकडे फिरला की डोंगरावरून थवे येतात, जरा टेकतात आणि पाण्यावरून निघून जातात. मग बोटी सुटतात. यंदा उकाडा सरायच्या आतच आले. मी गच्चीवर चादरी काढायला गेले, तर दोऱ्यांवर चतुरच चतुर, जाळीदार पंख पसरून, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. दोरी हलवली. एकही उडाला नाही.

हे खालून ओरडले, "आले ना? झालं तर मग! उद्या निघतो."

मी म्हटलं, "अहो, वारा अजून समुद्राकडूनच येतोय. चादरी घराकडे फुगतायत बघा."

"आता तुझ्या चादरींना विचारून बोट काढू का?" म्हणाले आणि हसले. ते हसणं तुम्हाला ठाऊक आहे. आईही हसल्या. मीसुद्धा.

मागच्या खोलीचं छत दुरुस्त करून घेतलं. तुम्ही आलात की तीच खोली देईन.

हवामान कचेरीतल्या बाई येऊन गेल्या. चौकशी होती. कसली, ते लिहितेच. म्हणाल्या, डोंगरापलीकडची तळी उन्हानं आधीच आटतायत, म्हणून चतुर लवकर निघतात. ते उडतात खूप उंचावरच्या वाऱ्यावर. तो आता लवकर फिरतो. खाली समुद्र तापलेलाच असतो, म्हणून खालचा वारा मागे राहतो. "ते चुकले नाहीत हो," बाई म्हणाल्या, "त्यांचा आणि समुद्राचा मेळ तुटलाय."

आईंनी विचारलं, "मग आम्ही कुणाकडे बघून निघायचं?"

बाईंनी वही मिटून पिशवीत ठेवली.

हे निघाले त्याच दिवशी भर दुपारी वादळ उठलं, वन्सं. बाकीच्या बोटी वेळेत फिरल्या. ह्यांची सगळ्यांत पुढे होती.

त्यानंतरही चतुर गेले नाहीत. वादळात दोऱ्या तुटल्या, तर ते कठड्यावर बसले, टाकीवर बसले. मी चादरी घरातच वाळत घालू लागले. वरून सारखी कागद चुरगळल्यासारखी सळसळ यायची. आई जिन्यात बसून त्यांच्याशी बोलायच्या. "बसलात काय नुसते? जा, त्याला घेऊन या."

काल सकाळी मी जिना चढत होते आणि तो आवाज एकदम थांबला. वर गेले तर गच्ची मोकळी. वारा समोरून येत होता, तरी अख्खा थवा पाण्याला लागून, खालून चालला होता. असे खालून जाताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी शेजारचे बोटवाले काका दारात आले. आत या म्हटलं तरी येईनात. बोट सापडली होती. उलटलेली नव्हती, जाळंही नीट गुंडाळलेलं. "माणूस नव्हता गं पोरी," म्हणाले. "पण पाय ठेवायला जागाही नव्हती. छपरापासून सुकाणूपर्यंत चतुर. काठावर दाटीवाटीनं बसून सगळे खाली पाण्यात बघत होते."

आज शोध थांबवला.

आईंना मी सांगितलेलं नाही. गच्ची रिकामी झाल्यापासून त्या खुशीत आहेत. "गेले बघ आणायला," म्हणतात. मी सांगायला जाते आणि चादरींच्या घड्या घालत बसते. तुम्ही या. तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल. मलाही.

खाली काय लिहायचं कळेना. आजवर लिहीत आले तेच लिहिते.

तुमच्या भावाची बायको