नणंदेनं दिलेली सीट

प्रिय ताई,

आधी घडलं ते क्रमानं.

१. तुझ्या नणंदेनं तुला सायकलसाठी रुंद, गुबगुबीत सीट भेट दिली.
२. मी बनवलेली सीट काढून तू ती बसवलीस.
३. रविवारी उताराच्या वळणावर तू पडलीस. डाव्या खांद्याचं हाड मोडलं.
४. मला फोन तू केला नाहीस. तिनं केला.

आता कारण. मऊ सीट दुकानात सुखाची वाटते. लांबच्या फेरीत बसण्याची हाडं तिच्यात रुततात, भार मधल्या नाजूक भागावर येतो, पाय बधिर होतात आणि माणूस सारखा सरकत राहतो. त्यात तिचं टोक रुंद. मांड्या घासू नयेत म्हणून तू गुडघे फाकवून चालवत असणार. वळणावर सायकल मांड्यांनीही सावरायची असते. तुझ्या हाती नुसतं हँडल उरलं.

माझ्या सीटसाठी तुला कारखान्याच्या पायरीवर पन्हळी पुठ्ठ्यावर बसवलं होतं, आठवतं? दोन खळगे उमटले. त्यांतलं अंतर मी मोजायला लागले, तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाई गं, आता माझ्या बुडाचाही नकाशा काढ!" पहिल्या फेरीहून आलीस ती कुरकुरतच. इथं टोचतंय, तिथं घासतंय. तुझं तोंड थांबेपर्यंत मी ती तासत राहिले.

लोकांच्या नणंदा छळतात, म्हणून माहेरची माणसं कळवळतात. तुझी लाड करते, आणि माझ्या पोटात दुखतं.

काल ती कारखान्यात आली होती. रडली. म्हणाली, "वहिनीचे पाय पहिल्या दिवसापासून बधिर व्हायचे गं. माझं मन मोडेल म्हणून बोललीच नाही. परवा दवाखान्यात सांगितलं." तिचं मन जपायला तू हाड मोडून घेतलंस. माझं मन तर पहिल्याच गल्लीत मोडायचीस.

तिला आता माझ्याकडून तुझ्या मापाची सीट करून हवी आहे. देणार मात्र ती, स्वतःची भेट म्हणून. "वहिनीला सांगू नकोस हं," असं दारातून दोनदा बजावून गेली. मी मान डोलावली, आणि तरी हे पत्र लिहिते आहे. साचा काढून ठेवलाय, काम सुरू केलेलं नाही. सीट मीच करीन. ती तुला कुणाच्या हातून हवी, ते तू सांग. तुझा उजवा हात धड आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर पाठव.

तुझीच,
धाकटी