मागच्या डाव्या दरवाज्याचा पोचा

भोसरी,
३ नोव्हेंबर २०२५

सौ. विजूवन्संना कुसुमवहिनीचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, घरात सगळं खुशाल आहे. फोन का नाही केला ते आधी सांगते. तुमच्या दादांना ऐकू कमी यायला लागल्यापासून आमच्याकडे प्रत्येक फोन स्पीकरवर असतो, तोही इतका मोठ्याने की खालचा वॉचमन मध्येच उत्तर देतो. आणि मला जे सांगायचंय ते तुमच्या दादांच्या कानावर मुळीच जायला नको. आधी शपथ घ्या. घेतलीत? मग ऐका.

वन्सं, मी गाडी शिकतेय! अठ्ठावन्नाव्या वर्षी! दर रविवारी सकाळी तुमचे दादा कंपनीतल्या रिटायर मंडळींच्या बैठकीला पिंपरीला जातात. हल्ली बसने जातात, तिथे म्हणे पार्किंग मिळत नाही. ते कोपऱ्यावर वळले रे वळले की शाळेची व्हॅन चालवणाऱ्या विमलबाई वर येतात, आणि आम्ही दोघी आपली मरून गाडी काढून एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर. शिकाऊ परवाना रीतसर काढलाय हो, चोरटं काही नाही. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली. आता तिसरा गिअर पडतो. तो पडला की मला गाणं सुचतं आणि विमलबाई ओरडतात की बाई, गाणं राहू द्या, आरशात बघा.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. गाडीला पंधरा वर्षं होतात. बारा डिसेंबरला नोंदणी संपते, त्याआधी आरटीओत दाखवून पास करून घ्यायला हवी. आणि चारही दरवाजे खालून गंजलेत. पुढच्या उजव्यात तर माझं बोट आरपार गेलं. भिवा डेंटर म्हणतो, दोन रस्ते आहेत. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, नाहीतर भंगार बाजारातून चांगले दरवाजे आणून बसवायचे. तुमचे दादा एक दिवस म्हणतात दुरुस्त करू, दुसऱ्या दिवशी म्हणतात गाडीच भंगारात देऊ. योगिनी वाकडवरून सांगते की आई, कॅब मागवत जा. मला मेलीला कॅब नकोय. पंधरा वर्षं मी डावीकडे बसून आलेय. एकदा तरी स्वतः गाडी चालवत तुमच्या चाकणच्या दारात उभं राहायचंय, आणि गाडी भंगारात गेली की ते राहिलंच समजा.

दरवाजे बदलावेत हेच माझं म्हणणं. खरं कारण तुम्हाला म्हणून सांगते. सोसायटीच्या गेटातून आत घेताना मागचा डावा दरवाजा खांबाला घासला. वाटीएवढा पोचा! योगिनीच्या लग्नातली नेलपॉलिश नेमकी गाडीच्या रंगाची निघाली, तिचे तीन हात दिलेत. दरवाजा बदलला की पोचाही जाईल. तर भावाला जरा समजवा.

मुलांना गोड पापा. लोभ आहे तसाच असू द्या, आणि तोंड बंद.

तुमची,
कुसुमवहिनी


चाकण,
७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वहिनींना विजयश्रीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये वाचलं आणि नेलपॉलिशपाशी मला असा ठसका लागला की सुपरवायझरने पाणी आणून दिलं. वहिनी, धन्य आहे तुमची! लग्नात उखाणा घ्यायला लाजलेली हीच का ती बाई?

आता कामाचं. मी अठरा वर्षं गाड्यांच्या दरवाज्यांची रबरं तपासतेय, तेव्हा माझं ऐका. दरवाज्याच्या तळाला बारीक भोकं असतात, आत गेलेलं पाणी निघून जायला. ती चिखलाने बुजली की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत आत खेळ खलास झालेला असतो. नुसती कडा गेली असेल तर कापून पत्रा लावलेला टिकतो. पण बिजागरीजवळचा भाग गेला असेल तर दरवाजाच बदला. भिवा नुसती पुट्टी भरून वर रंग मारायला लागला तर त्याला हाकलून द्या. आणि पोच्यासाठी म्हणून दरवाजा बदलू नका हो, दादा कबूल व्हायचा नाही. हे दरवाजे त्याच्या हाताखालून गेलेत.

दादाशी बोलते, पण अंदाजाने. शपथ घेतली आहे ना! माझं पोट फुगलंय नुसतं.

मोठ्यांना नमस्कार. मायेत खंड पडू देऊ नये, ही विनंती.

तुमची नणंद,
विजू


भोसरी,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विजूस दादाचे अनेक आशीर्वाद.

अगं येडे, तू परवा फोनवर दरवाज्यांबद्दल काय काय विचारत होतीस, पण तुझी वहिनी शेजारी आणि फोन स्पीकरवर. म्हणून लिहितो. हे पत्र तिला कळता कामा नये. तुला आपल्या आईची शपथ.

विजू, मला काचबिंदू झालाय. समोरचं स्वच्छ दिसतं, हे पत्र मीच लिहितोय. पण बाजूचं हळूहळू बंद होत चाललंय. जूनमध्ये आळंदी रस्त्याला डावीकडून आलेला स्कूटरवाला मला दिसलाच नाही. देवाच्या कृपेने वाचला. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. तेव्हापासून मी बसने फिरतोय आणि पार्किंगला शिव्या देतोय. कुसुमला कसं सांगू? ती रडेल, आणि ती रडली की मला आवरत नाही. दरवाजे गंजले तेव्हा वाटलं, बरं निमित्त मिळालं. गाडी भंगारात दिली की का चालवत नाही हे कुणी विचारायचं नाही. पण देववत नाही गं. त्या गाडीचे दरवाजे आमच्याच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून निघालेत. वीस वर्षं मी तपासणीला होतो. हातमोजा घालून पत्र्यावरून तळवा फिरवायचा. जे उजेडात दिसत नाही ते तळव्याला कळतं.

तर गेल्या आठवड्यात सहज सगळ्या दरवाज्यांवरून हात फिरवला. मागच्या डाव्याला पोचा! मी तर गाडी काढलेलीच नाही. पोच्याची उंची गेटच्या खांबाची, खोली पुढून मागे कमी होत गेलेली, म्हणजे गाडी पहिल्या गिअरमध्ये आत येत होती आणि वळण लवकर घेतलं. नवशिक्या माणसाचं काम! मागच्या काचेवर चिकटपट्टीचा डिंक, तिथे शिकाऊचा एल लावलेला असणार. आणि पोच्यावर रंग कसला, तर नेलपॉलिश. विजू, माझ्या घरात नेलपॉलिश लावणारी माणसं किती?

काल बैठकीला गेलोच नाही. कोपऱ्यावरून रिक्षा केली आणि एमआयडीसीत एका चहाच्या टपरीमागे लपून बसलो. ती आली! विमलबाई शेजारी, आणि माझी बायको स्टिअरिंगवर, चेहरा असा की जणू विमान उडवतेय. रिव्हर्स तर माझ्यापेक्षा सरळ घेतला. मी इतका हसलो की चहा शर्टावर सांडला, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. टपरीवाल्याला वाटलं चटका बसला.

आता सांग, काय करू? मला माहीत आहे हे तिला सांगितलं तर तिची मजा जाईल. माझ्या डोळ्यांचं सांगितलं तर माझी जाते.

जावईबापूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


चाकण,
२० नोव्हेंबर २०२५

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

दादा, तू वेडा आहेस. मोठा भाऊ म्हणून शिरसाष्टांग लिहिलंय, पण जवळ असतास तर कान धरला असता. जूनपासून एकट्याने हे पोटात ठेवलंस? वाचून मी रडले, मग टपरीपाशी आले आणि हसले, आणि आमचे हे समोर बसून घाबरून गेले.

मला दोन्ही बाजूंनी शपथा घातल्यात तुम्ही, त्यामुळे मी काही सांगणार नाही. एवढंच लिहिते की ज्या घरात दोन माणसं एकमेकांपासून लपून एकाच गाडीची काळजी करतात, तिथली गाडी भंगारात जायला नको. बारा तारीख जवळ आली. तोंडाने जमत नसेल तर मला लिहिलंस तसं तिला लिही. तिकीट लावून टाक पेटीत. पोस्टमन एकाच पत्त्यावरून त्याच पत्त्यावर नेऊन देईल, त्याला काय!

तुझी लाडकी, आणि आता फुटायला आलेली,
विजू


भोसरी,
५ डिसेंबर २०२५

कुसुम हिस,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे ठरवण्यात दोन कागद फाडले. दोन्ही घे.

पस्तीस वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही कारण तू कधी लांब गेलीच नाहीस. आजही तू आत पोळ्या लाटते आहेस. जे सांगायचंय ते असं. मला काचबिंदू आहे. बाजूचं दिसत नाही आणि पुढेही दिसणार नाही. जूनमध्ये आळंदी रस्त्याला एक स्कूटरवाला मला दिसलाच नाही, थोडक्यात वाचला. औषधाने आहे तेवढं राखता येईल म्हणतात. पार्किंग वगैरे सगळं खोटं होतं. मी पुन्हा गाडी चालवणार नाही.

दुसरं, मला सगळं माहीत आहे. विजूवर संशय घेऊ नकोस, तिने तोंड उघडलं नाही. तुझ्या पोच्यानेच सांगितलं. तो मी स्वतः हातोडीने काढलाय, भिवाला हात लावू दिला नाही. पण इतकी वर्षं इतके पोचे पाहिले, नेलपॉलिश लावलेला पहिलाच.

तिसरं, दरवाजे. मागचे दोन आणि पुढचा डावा यांची फक्त कड गेली होती. तेवढा पत्रा कापून नवा लावला, तळाची भोकं मोकळी केली. पुढचा उजवा मात्र बिजागरीपर्यंत सडलेला. भिवा म्हणाला, वेल्ड करून टाकू काका, दोन-चार वर्षं कुठे जात नाही. मी बसणार असतो तर व्हय म्हणालो असतो. पण तिथे आता तू बसणार. म्हणून तो अख्खा बदलला. चार दिवस भंगार बाजार पालथा घातला, हात फिरवून सतरा दरवाजे नापास केले, अठरावा आणला. पांढरा होता, भिवाने मरून केला. काल भिवाच गाडी आरटीओत घेऊन गेला. पास झाली. आणखी पाच वर्षं.

रागावू नकोस. रागावलीस तरी जेवायला वाढ.

तुझा,
ज्योतीराम


भोसरी,
८ डिसेंबर २०२५

अहो,

तुमचं पत्र पोस्टमनने तुमच्याच हातात दिलं आणि तुम्ही ते टेबलावर ठेवून भाजी आणायला पळालात, हे मी खिडकीतून पाहिलं. ढेमसे आणलेत, जे घरात कुणी खात नाही.

रागावलेय. पोच्याचं नाही, त्यात चूक माझी. डोळ्यांचं सहा महिने लपवलंत त्याचं. तुम्हाला स्कूटरवाला दिसला नाही त्या दिवशी रात्री तुम्ही जेवला नाहीत, आणि मी तुम्हाला पित्त झालं समजून कोकम सरबत देत बसले. असं पुन्हा केलंत तर बघा. मला रडू आलं तर येऊ दे, तुम्हाला आलं तर तुम्हीही रडा, दोघांनी मिळून रडू.

शनिवारी मी विमलबाईंकडे सत्यनारायणाला गेले नव्हते. परीक्षेला गेले होते. पास झाले! साहेबांनी विचारलं, कुठे शिकलात बाई. मी सांगितलं, नवऱ्याच्या गाडीवर.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बुधवारी दहाची वेळ घेतलीय. गाडी मी चालवणार, तुम्ही माझ्या जागेवर बसायचं. तिथून हवेत ब्रेक दाबायचा नाही, गिअरवर टीका करायची नाही. मला भीती वाटणार आहे आणि तुम्हालाही वाटणार आहे, हे मला ठाऊक आहे. पण चालत्या गाडीत माझा हात धरू नका, मला गिअर टाकायचा असतो. नाशिक फाट्याचा सिग्नल चांगला लांबलचक आहे. तिथे धरा.

तुमचीच,
कुसुम